खिडकीकडं वळवलेला पलंग

औंढा, सोमवार, फेब्रुवारी २००३

वृद्धाश्रमात नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, पण आज खरंच घाबरले.

गंगाक्कांना आठवडाभर शौचालाच झालं नव्हतं. अर्धांगानं वाचा गेलेली, नाकातल्या नळीतून पेज चालू. आज ती पेज उलटून तोंडाशी आली. श्वासात गेली असती तर? पोट दगडासारखं. जुलाबाचं औषध देऊन झालं, काही नाही. बेडपॅन सरकवलं की त्या चांगल्या हातानं पदर डोळ्यांवर ओढायच्या. लाजत असतील, म्हणून मी सोडून दिलं.

त्यांना भेटायला आलेला लेक चिडला. "माय काहून फुगून राहिली? तुमी करून काय राहिलात?"

मीही खेकसले, "भांडता काय? गाडी बघा, नांदेडला न्यावं लागंल!"

तो गेल्यावर शेवटचं म्हणून पुन्हा बेडपॅन लावलं. पुन्हा पदर! तेवढ्यात देवळातली घंटा वाजली आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर नागनाथाचं शिखर. पडल्या पडल्या दर्शन व्हावं म्हणून गेल्या आठवड्यात पलंग मीच तिकडं वळवलेला. देवाकडं तोंड करून कोण बसंल? एवढं कसं कळलं नाही मला?

पलंग फरफटत फिरवला. या वेळी पदर खांद्यावरच राहिला. थोड्या वेळानं झालं एकदाचं.

लेक गाडी घेऊन आला, तेव्हा गंगाक्का माझ्याकडं बघून खिडकीकडं बोट करत होत्या. पलंग परत वळवायचा होता.