आमच्या घराण्याची खूण

३ मार्च
किती दिवसांनी लिहितोय! माफ कर बाई वही, हातच चालत नव्हता. मुलगा आणि सून नातीला घेऊन मोठ्या इस्पितळात गेलेत, परगावी. घर खायला उठतं.

तिथले डॉक्टर म्हणाले— बाळाच्या डोक्याची हाडं सांध्यांनी जोडलेली असतात, मेंदू वाढेल तशी सैलावतात. हिचा कपाळामधला सांधा जन्माआधीच मिटला. मेंदूला जागा नाही. कवटी उघडून हाड नव्यानं बसवावं लागेल. एवढीशी पोर! अजून बसवली तर कलंडते.

४ मार्च
पोर जन्मली तेव्हापासून सून म्हणत होती, "बाबा, हिच्या कपाळावर मधोमध उंचवटा आहे. दाखवून आणू या."

मीच फुशारकी मारली— "अगं, ही आमच्या घराण्याची खूण! माझ्याही कपाळावर आहे, बघ हात लावून. माझं काय बिघडलं?"

मुलगा म्हणाला, "आई असती तर तुमचं काय काय बिघडलंय त्याची तिनं यादीच दिली असती!" सगळे हसलो. दाखवायचं राहिलं ते राहिलंच.

आता डॉक्टर म्हणतात, तेव्हाच आणली असती तर लहानशा छेदावर भागलं असतं. सून मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ मार्च
फोन नाही.

६ मार्च
न्हाणीघरात घसरलो. कपाळ नळावर आपटलं. शेजारीण धावत आली— "आजोबा, काल जेवला होतात का? खरं सांगा!" तिनंच दवाखान्यात नेलं.

डोक्याचा फोटो काढला. तरुण डॉक्टर घाबरला— "कपाळ उभं तडकलंय!"

मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. "अरे, तडा असा नसतो. ही रेघ बघ, नागमोडी. सांधा आहे हा. लहानपणीच मिटतो, यांचा उघडा राहिला. असतात काही माणसं अशी." मग मला म्हणाल्या, "कधी डोक्याचं ऑपरेशन करायची वेळ आली तर हे आधी सांगायचं हं आजोबा. नाहीतर कापणारा फसेल."

मी म्हटलं, माझ्या नातीचंही असंच आहे. सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "तिचा मिटलाय ना, आजोबा?"

७ मार्च
माझा उघडा. तिचा मिटलेला. आमची खूण एक नव्हतीच!

आज सकाळी तिला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. संध्याकाळ झाली. फोन मांडीवर घेऊन बसलोय. सूनबाई, मला काय बोलायचं ते बोल— पण लवकर कळव गं.