विसर्गाचा उपवास

१२ मार्च, मंगळवार

तक्रार नोंदवून ठेवतो. आज सकाळी माझा दात घासायचा ब्रश एका बोक्याच्या तोंडात आढळला. मालकाची पूर्वसंमती नाही, साधी सूचना नाही. कार्यभाग उरकल्यावर ब्रश पुन्हा माझ्याच पेल्यात, केस वर करून, सन्मानानं उभा. आरोपी क्र. १ सुलभा, धर्मपत्नी. आरोपी क्र. २ विसर्ग, वय अकरा, रंग पांढरा, शेपटीच्या अलीकडे एकाखाली एक दोन काळे ठिपके. नाव त्यावरूनच, मी ठेवलेलं. आमची मुलगी मुक्ता तेव्हा आठवीत होती आणि संस्कृतच्या वहीत विसर्ग द्यायला हमखास विसरायची. म्हणून घरात एक चालताफिरता आणला.

सु.चा जबाब : "जुना झाला होता तुमचा. आणि त्याच्या तोंडाला वास येतोय."

वासाच्या बाबतीत आणखी कुणाचं नाव घेतलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

नळ आज नाही. उद्याही नाही.

१५ मार्च, शुक्रवार

निकाल गयाबाईंनी लावला. धुणंभांडी त्या करतात. नवऱ्याची मेंढरं पडेगावच्या माळावर, म्हणजे प्लॉटिंगचे दगड अजून रोवले गेले नाहीत तेवढ्या माळावर. बाजारात मेंढराचं तोंड उघडून वय सांगणारी ही माणसं. झाडू टेकवला, वि.ला काखेत दाबला, अंगठ्यानं ओठ वर केला. मोजून दोन क्षण. मी हे करायला गेलो असतो तर टाके पडले असते.

"ताई, ह्याची मागली दाढ सडलीय. हिरडी बघा, लालभडक. ह्यो लई दिसापासून एकाच अंगानं खातोय."

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

"ताटलीच्या एकाच बाजूला दाणे सांडत्यात रोज. मी झाडते नव्हं!"

अकरा वर्षं मी त्या बोक्याशी देवभाषेत बोलतो. दाणे कधी पाहिले नाहीत.

१८ मार्च, सोमवार

पेपरच्या कार्यालयात अर्धी रजा मागितली. कारण : मांजराचे दात काढायचेत. अंकाची पानं लावणारा वाघमारे म्हणाला, "साहेब, अख्खं शहर पाण्यासाठी रडतंय आणि तुमचं मांजर दात काढतंय?" सगळा डेस्क दात काढत बसला. विनोद माझ्या तोंडचा पळवला गेला, याचं दुःख अधिक.

उस्मानपुऱ्यात प्राण्यांच्या डॉक्टर फरहाना. मुक्ताहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. ब्रशची हकीकत ऐकून कपाळाला हात.

"काका, आपली पेस्ट? उसको थूकना आता है क्या? सगळं पोटात जातं."

"अगदी थोडी लावली होती," सु. म्हणाली. पहिल्यांदाच तिला कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं. आनंद व्हायला हवा होता.

दातांवर चुनखडीसारखा थर. तो यंत्रानं खरवडायचा, दोन दाढा काढायच्या. त्यासाठी पूर्ण भूल. भुलीसाठी आधी रक्त. रक्तात किडनीचा आकडा जरा वर.

"पाणी कमी पितो का हा?"

पितो कुठं! जानेवारीपासून टँकरचं मचूळ पाणी. हुंगतो, आमच्याकडे एक तिरस्काराचा कटाक्ष टाकतो, निघून जातो. नळ येतो त्या दिवशी तोटीखाली जीभ लावून बसतो. आठ दिवसांतून एकदा.

डॉ. म्हणाल्या, किडनीमुळे भुलीत धोका आहे, लपवत नाही. पण तसंच ठेवलं तर खाणं सुटेल. "मांजर दुखतंय म्हणून सांगत नाही काका. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

बुधवारी सकाळी. पोट रिकामं हवं.

मुक्ताचा बंगळूरहून फोन. आधी विसर्ग कसा आहे, मग आई, मग मी. क्रम ठरलेला.

२० मार्च, बुधवार, एकादशी

घात झाला. केला मीच.

काल गयाबाईंना मोठ्या गांभीर्यानं सांगितलं होतं : "उद्या विसर्गाचा उपवास बरं का. एकादशी धरलीय त्यानं." त्या हसल्या, सु.ही हसली, मी स्वतःवर खूश.

आज सकाळी सात वाजता त्या आल्या. आम्ही त्याला न्यायची टोपली शोधत होतो. नऊला डॉ.कडे टेबलावर ठेवला. "रिकाम्या पोटी ना?" "हो," दोघंही एका सुरात. आणि वि.नं टेबलावर वाटीभर दूध ओकलं. सायीसकट.

डॉ.नी सुई खाली ठेवली. चिडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, भूल दिल्यावर हे झालं असतं तर फुप्फुसात गेलं असतं. मग काहीच करता आलं नसतं.

घरी आल्यावर गयाबाई : "आवो, उपासाला दूध चालतंय की! मी बी सकाळी तेच घेतलं. पोरगं बिचारं उपाशी जाईल म्हणून वाटीभर जास्तच दिलं."

"अहो, मला उपाशीच म्हणायचं होतं."

"मग तोंड बांधा म्हणायचं! जनावराला उपास कसला, साहेब?"

तोंड बांधा. दोन शब्द. इतकं शिकून मला सुचले नाहीत.

सु.नं हे परततानाच ओळखलं होतं. रिक्षात एवढंच म्हणाली, "प्रत्येक गोष्टीची कोटी करायची. एकदा तरी सरळ बोला." त्यानंतर दौलताबाद रस्त्यावरची फ्लॅटच्या जाहिरातींची सगळी होर्डिंग्ज तिनं मन लावून वाचली. एकावर 'चोवीस तास पाणी'.

२३ मार्च, शनिवार

सु. माझ्याशी बोलत नाही. विसर्गाशी बोलते.

"विसर्गा, बाबांना सांग, जार संपलाय."

"विसर्गा, आईला सांग, आणतो."

तो मधे बसून पंजानं तोंड पुसतो. लाळ आहे ती. कोरडे दाणे सोडलेत, भिजवलेले चाटतो.

तसं पाहिलं तर हा अबोला ओळखायला मला तीन दिवस लागले. एरवीही आमचं दळणवळण याच मार्गानं चालतं.

३ एप्रिल, बुधवार

दुसरी तारीख आज. काल रात्रीपासून तोंड बांधलं. म्हणजे घरातल्या सगळ्या वाट्या उचलून कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सु.कडे. गयाबाई दारातच ओरडल्या, "आज मी त्याच्याकडं बघत बी नाय!"

उस्मानपुऱ्यात पोचलो तर डॉ. दारात उभ्या. टाकी कोरडी. खरवडायच्या यंत्राला सतत पाणी लागतं, स्वच्छ. "आज उस्मानपुऱ्याला पाणी येणार असं पेपरमध्ये होतं ना, काका. म्हणून तर आजची तारीख दिली."

होतं. पान तीन, वरचा कोपरा. बातमी माझी. पाणीपुरवठ्याच्या एका साहेबांनी फोनवर सांगितलं, मी उतरवून घेतलं. जलवाहिनी पहाटे कुठंतरी फुटली.

वि. चौदा तास उपाशी, त्याच टोपलीतून परत. घरी आल्यावर ताटली पुढे ठेवली. दोनदा चाटलं, थांबला, भिंतीकडे तोंड करून बसला. सु. त्याच्याशेजारी फरशीवर बसली. मी काहीतरी बोलणार होतो. 'निर्जळी' हा शब्द ओठावर आला होता. गिळला.

८ एप्रिल, सोमवार

उद्या पाडवा. सु. सुईशिवायच्या सिरिंजनं त्याला पातळ खाणं भरवते, मी टॉवेलात गुंडाळून धरतो. हातात हलका लागतो. डॉ. म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही. पुन्हा रक्त घेतलं. आकडा मागच्याहून थोडा वर.

"करायचं ना?" सु.नं विचारलं. विसर्गाकडे बघून.

"करू या," मी म्हणालो. मीही त्याच्याकडेच बघून.

१२ एप्रिल, शुक्रवार. उस्मानपुरा, डॉ.च्या बाहेरच्या बाकावर

रिक्षात स्वच्छ पाण्याचे दोन जार आणि एक विसर्ग. वार्ताहरानं या वेळी स्वतःच्या बातमीवर विश्वास ठेवला नाही. निघताना गयाबाईंनी त्याच्या कपाळावरून बोटं ओढून कडाकडा मोडली. "दाढ गेली तरी मेंढरू चरतं, ताई. ह्यो बी खाईल."

सव्वादहाला आत नेला. डॉ.नी कागदावर सही घेतली. वर छापलेलं वाचलं नाही, वाचायची सवय असून. सलाईन आधीपासून चालू ठेवणार म्हणाल्या, किडनीसाठी. "दुआ करो, काका."

अकरा वाजले. आतून यंत्राची बारीक शिटी येत होती, आता येत नाही. दार बंद.

सु.नं मघाशी विचारलं, "काय लिहिताय?"

"बातमी," म्हणालो.

"असं का," म्हणाली.

मुक्ताला कधीच पाठ न झालेला एक नियम आहे. विसर्गाचा लोप झाला की त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा स्वर शेजारी शेजारी येतात, पण त्यांचा पुन्हा संधी होत नाही. रामः इच्छति, राम इच्छति. मधली फट तशीच राहते.

खोडणार होतो. ही पण कोटीच.

सरळ लिहितो. दोन वर्षांपूर्वी मुक्ताला चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडून आलो, तेव्हापासून सुलभा आणि मी विसर्गाखेरीज दुसऱ्या कशाबद्दलही बोललेलो नाही. त्यानं खाल्लं का, तो कुठं आहे, त्याला दार उघडा. आज पाऊण तास एका बाकावर बसलोय, मधे रिकामी टोपली आहे, आणि तिला विचारावं असं एक वाक्य मला सापडत नाही. तिला या दोन वर्षांत कुठं काही दुखत असेल तर तेही मला माहीत नाही. तो मरेल याची भीती वाटते. तो गेल्यावर आम्ही दोघं घरी जाऊ, याची त्याहून जास्त वाटते.