वाल्बोर्गच्या खुर्चीवर राग्नहिल्ड

फोबोर्ग, जुलै

प्रिय गुड्रुनताई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझं मांजर, दोघांच्या कुरबुरी थांबल्या असाव्यात अशी आशा करतो. माझं बरं चाललंय (डॉक्टर तसं म्हणत नाही, पण तो पोरगा आहे).

पत्रास कारण असं, की माझी वाल्बोर्ग मला एकट्याला मागे ठेवून देवाघरी गेल्यावर दोन उन्हाळे झुडपांवरची रेडकरंटची आंबट फळं पाखरांनीच खाल्ली. यंदा मनात आलं, आपणच रोदग्रोद करावं. तांबडी लापशी ती, त्यात काय मोठंसं? फळं शिजवली, गाळली, साखर घातली. इथवर मी सुगरण होतो. मग बटाट्याचं पीठ. ते पाण्यात कालवून, भांडं उतरवून, हलक्या हाताने घालायचं असतं म्हणे. मी ते उकळत्या रसात सरळ ओतलं. गुठळ्या झाल्या. त्या मोडायला पाणी, पाणी झालं म्हणून पुन्हा पीठ, असं करता करता घरातली सगळी भांडी भरली आणि चमचा सोडला तरी उभाच राहायला लागला. तेवढ्यात तळ करपला.

करपल्याचा वास शेजारच्या राग्नहिल्डबाईंपर्यंत गेला. (त्याच त्या, ज्यांच्याशी वाल्बोर्ग कुंपणाच्या वादावरून अकरा वर्षं बोलली नव्हती.) धावत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अहो आयनार, हे खायचं आहे की भिंतीला फासायचं?" मी म्हटलं, "आधी चाखा, मग हसा." त्यांनी घरून साय आणली आणि बसल्या त्या नेमक्या वाल्बोर्गच्या खुर्चीवर. ताई, "तिथे नको" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्या खुर्चीवर मी कुणालाच बसू दिलेलं नाही, माझ्या मुलीलासुद्धा. पण बाईंनी वाटीभर साय ओतली, एक घास घेतला आणि हळूच म्हणाल्या, "वाल्बोर्गचं फार सुरेख व्हायचं. वास यायचा मला. मागायला मात्र कधी तोंड उघडलं नाही." मग आम्ही दोघांनी वाट्या संपवल्या. चव वाईटच होती.

बाकी क्षेम. मांजराला थोपट.

तुझा धाकटा,
आयनार

ता. क. गुरुवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं आहे. जावं का? वाल्बोर्गला काय वाटेल, हे तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

ता. क. २ नाही म्हणणार असलीस, तर उत्तर शुक्रवारी टाक.