मी विरुद्ध घरमालक

३ मार्च, सकाळी ९
घरमालकाची नोटीस आली. म्हणे, राहत्या घरात शिवणकाम करणं हा धंदा आहे, तो करारात बसत नाही. घर खाली करा. घरभाडे मंडळाकडे अर्जही ठोकलाय त्याने. एकवीस दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल.

हिचं तोंड उतरलं. बारा वर्षं पुढच्या खोलीत हिचं मशीन चालतंय. मी म्हटलं, घाबरतेस काय, मी आहे ना! पस्तीस वर्षं ऑफिसात आवक-जावक रजिस्टर सांभाळलंय. असल्या हजार नोटिसा या हाताखालून गेल्या. ही म्हणाली, बघू तरी. मी दिली नाही. कायद्याचा कागद शिवणकामाच्या खडूने माखलेल्या हातांत देत नसतात.

फाइल केली. वर लिहिलं, ‘मी विरुद्ध घरमालक’. झकास दिसतं.

३ मार्च, दुपार
वकील करायचा नाही. कायद्याची एक लायब्ररी घरबसल्या मदत करते, तीही फुकट. रोज अकरा ते एक चॅट. सल्लागारांची खरी गरज कमकुवत डोक्यांना असते.

४ मार्च
चॅट केलं. पलीकडे ग्रंथपाल बाई. त्यांनी आधीच सांगून टाकलं की आम्ही माहिती देतो, सल्ला देत नाही. समोर जाणकार माणूस आहे हे त्यांनी ओळखलं असावं. मग विचारतात, नोटीस कुणाच्या नावे आहे? काय हा बाळबोध प्रश्न! मी सरळ मूलभूत हक्कांवर गेलो.

त्यांनी ‘भाडेकरूंसाठी सोपी माहिती’ नावाची चार पानं आणि उत्तराचा एक पानी फॉर्म पाठवला. चार पानं! मला! उघडली नाहीत. संध्याकाळी पाहतो तर ही कॉम्प्युटरवर तीच वाचत बसलेली. वाचू दे. तेवढाच विरंगुळा.

७ मार्च
लायब्ररीतून भाडेकराराच्या इतिहासावरचा नऊशे पानी ग्रंथ मिळाला. संकल्प: रोज पन्नास पानं. आज अकरा झाली, त्यांतली सात प्रस्तावनेची. पण पाया पक्का हवा.

मशीनच्या खडखडाटात एकाग्रता होत नाही. हिला सांगितलं, केसच्या भल्यासाठी दुपारी मशीन बंद ठेव. ती म्हणाली, मशीन चालू राहावं म्हणूनच केस आहे ना? मुद्दा नोंदवून ठेवला. उत्तर नंतर देईन.

११ मार्च
बाईंनी पुन्हा तेच विचारलं, करार कुणाच्या नावावर आहे? चिवट आहेत. वर म्हणाल्या, उद्या गुरुवारी व्हिडिओवर वकील मोफत भेटतात, वीस मिनिटं, तुमचं नाव घालू का? मी कळवलं, मला गरज नाही, पण वकिलांना माझ्याशी चर्चा करायची असेल तर वेळ काढीन. त्यांनी फक्त ‘बरं’ एवढंच लिहिलं. भारावल्या असाव्यात.

१२ मार्च
ही पुढच्या खोलीत कडी लावून फोनवर बोलत होती. मोजून वीस मिनिटं. एखादं चिकट गिऱ्हाईक असणार. बाहेर आली ती चक्क गुणगुणत! घरावर संकट, आणि ही निर्धास्त. माझ्यावरचा विश्वास, दुसरं काय.

१८ मार्च
उत्तर अडतीस पानांवर पोचलं. लॅटिन शब्द नऊ, पैकी दोहोंचा अर्थ माहीत आहे. बाकीचे वजनासाठी. हिने विचारलं, पाठवलं का? म्हटलं, घाई करायला हे काय हातशिलाईचं काम आहे? ती हसली. का, कळलं नाही.

२३ मार्च, पहाटे ५
बासष्ट पानं. प्रिंट काढायला पुढच्या खोलीत गेलो, तर मशीनवर कव्हर घातलेलं. हे घर गेलं तर ते कुठे ठेवणार? तिची गिऱ्हाइकं पायी येणारी आहेत. दुसऱ्या गल्लीत गेलो तर ती येणार नाहीत. मला भीती वाटते. हे इथेच लिहितो, बोलणार नाही.

२४ मार्च
शेवटचा दिवस. मंडळाची साइट म्हणते, ‘या अर्जात तुम्ही पक्षकार नाही.’ तीन वेळा. सिस्टिम गंडलीय. चौथ्यांदा म्हणते, ‘या अर्जाचं उत्तर दाखल झालेलं आहे.’ घरमालकाचा डाव! बाईंना चॅटवर खडसावलं. त्यांनी लिहिलं, कृपया एकदा नोटिशीवरचं नाव वाचा. चष्मा सापडेना. सुनावणीत बघून घेतो एकेकाला.

२ एप्रिल
व्हिडिओवर सुनावणी. इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर मधोमध बसलो. अधिकाऱ्यांनी विचारलं, आपण कोण? म्हटलं, भाडेकरू. ते म्हणाले, करार तुमच्या मागे बसलेल्या बाईंच्या नावे, नोटीस त्यांच्या नावे, तेरा मार्चला उत्तर दिलं तेही त्यांनीच. आपण जरा बाजूला सरका.

सरकलो.

हिचं उत्तर एक पानाचं. सोबत करार. त्यात घरमालकाच्याच अक्षरात लिहिलेलं, ‘घरगुती शिवणकामास हरकत नाही.’ अर्ज फेटाळला. सगळं सहा मिनिटांत.

नंतर फाइल उघडली. नोटिशीच्या पहिल्याच ओळीत हिचं नाव. पस्तीस वर्षं नोकरीत माझं एकच काम होतं. कागदावरचं नाव वाचायचं आणि ज्याचा त्याला पोचवायचा. हा एकच कागद मी दाबून ठेवला.

विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, त्याच दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा नोटिशीचा फोटो काढला. मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही किती रमला होतात.

५ एप्रिल
मशीन सकाळपासून सुरू. आवाज चांगला आहे. आधी लक्षात आलं नव्हतं.

माझी बासष्ट पानं हिला कपड्यांचे कागदी नमुने कापायला आवडली. पाठकोरी आहेत, जाडही आहेत. मुद्दा क्रमांक सतराची एक बाही कापून झाली. कॉलरसाठी अजून चार पानं मागितली.

दिली. जुन्या सवयीने वहीत जावक नोंद केली. ‘कोणाला’ या रकान्यात हिचं नाव लिहिलं. दोनदा वाचून पाहिलं.