बाबांच्या खिडकीतला समुद्र

५ फेब्रुवारी
माशांची टाकी बसली. बाबांच्या पलंगासमोर, खिडकीला टेकून. एवढं वजन पेलणारं टेबल घरात एकच, तेही तिथेच. अर्धांगवायूत बाबांचा उजवा हात गेला आणि बोलणंही. दिवसभर खिडकीबाहेर बघत बसतात. बाहेर आहे काय? रस्ता, आणि कोपऱ्यावर त्यांचा मित्र घड्याळजी. दुकान उघडताना वर बघून हात करतो, एवढाच कार्यक्रम. त्यापेक्षा समुद्र बरा. हिने विचारलं, बाबांना विचारलंस का? सरप्राईज कोणी विचारून देतं का?

८ फेब्रुवारी
सध्या नुसतं खारं पाणी आणि दगड. पाणी मुरल्याशिवाय मासे नाहीत, असं दुकानदार म्हणतो. घाई केलीत तर मासे नाही, मयत घेऊन जाल म्हणे. शिवाय फिल्टरचंच पाणी घाला. नळाचं आपण पितो, दगडांना काय धाड भरलीय?

१९ फेब्रुवारी
दगडांवर, काचेवर तपकिरी थर. कोणी कोको भुरभुरवल्यासारखा. दुकानदाराला फोन. तो म्हणतो, नव्या टाकीला हे व्हायचंच, आपोआप जातं. दिवा कमी लावा, ऊन टाळा, आणि मुख्य म्हणजे काही करू नका. काही न करायला मी काय दुकानदार आहे? हाफ डे टाकून घासली.
बाबा सारखं डाव्या हाताचं बोट टाकीकडे करत होते. त्यांनाही घाण सहन होत नाही. स्वच्छता आमच्या रक्तातच.

२० फेब्रुवारी
थर परत. कालच्यापेक्षा जाड.

२७ फेब्रुवारी
आता हिरवं शेवाळ. लांब, दाट, केसांसारखं. माझ्या डोक्यावर इतके नाहीत. पुन्हा घासलं, पाणी बदललं.
बाबांचं बोट चालूच. ही म्हणाली, अरे, ते टाकी दाखवत नाहीयेत, टाकीच्या मागचं दाखवताहेत, त्यांना त्यांची खिडकी हवीय. हिला प्रत्येक गोष्टीच्या मागे काहीतरी दिसतं. टाकी हलवायची तर रिकामी करा, सगळं पहिल्यापासून करा. तेवढा धीर बाबांना धरवणार नाही.

३ मार्च
कारण सापडलं. ऊन! दुकानदारही हेच म्हणाला होता, पण माणसाला ठासून सांगता येत नाही. खिडकीला आतून काळा कागद लावला, चारी बाजूंनी चिकटपट्टी. खोली अगदी थिएटरसारखी झाली. बाबांनी डोळे मिटून घेतले. बऱ्याच दिवसांनी निवांत वाटलं असणार.

४ मार्च
सकाळी घड्याळजी धापा टाकत वर. दारातूनच विचारतो, खिडकीचा काळा कागद बघून धडकी भरली हो, आमचा दोस्त आहे ना? आहेत म्हटलं, मासे बघताहेत. मासे अजून आलेले नाहीत, पण ते त्याला सांगायची गरज नव्हती. दारातूनच कटवला. आजाऱ्याला गर्दी नको.

९ मार्च
शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या. कामाचा वेग बघता सगळ्या कायम नोकरीत असाव्यात. त्यांच्या मदतीला शेवाळमारक औषध ओतलं. बाटलीवर बारीक अक्षरांत काहीतरी होतं. चष्मा ऑफिसात.

११ मार्च
गोगलगायी मेल्या. शेवाळ ठणठणीत. खोलीत वास.
ही म्हणते, कागद फाड आणि खिडकी उघड. एवढ्या मेहनतीनंतर? रूम फ्रेशनर मारला. बाबा खोकले. जेवले नाहीत. हवा बदलतेय, होतं असं.

१२ मार्च
ताई आली ती नाक धरूनच. म्हणाली, अंधारात, खाऱ्या पाण्याशेजारी, मुरवायला ठेवलायस का माणूस? दुपारी बाबांना तिच्या घरी घेऊन गेली. ताईला फोन हिनेच केला होता, आणि सांगते तेही मान वर करून.
निघताना बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. मान आखडली असेल.
बरंच झालं. आता शांतपणे काम करता येईल.

६ एप्रिल
मेलेल्या गोगलगायी काढून, दिवा बंद करून ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलो होतो. तीन आठवडे टाकीला कोणाचा हात नाही. आज आलो तर शेवाळ गायब, काच लखलखीत. जाण्यापूर्वी मी केलेल्या उपायांचा हा परिणाम, उशिरा का होईना. संध्याकाळी दोन नारिंगी मासे आणले. हिला दाखवले. म्हणाली, छान आहेत, आता बघणार कोण?
उद्या बाबांना आणतो.

७ एप्रिल
ताईचं घर पहिल्या मजल्यावर. बाबा खिडकीतच खुर्ची टाकून बसले होते. तोंडावर ऊन. खाली पोरं सायकली शिकत होती, ती बघून हसत होते.
मी रस्त्यातूनच हाक मारली. म्हटलं, बाबा, चला, समुद्र तयार आहे, मासेही आलेत.
त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग हात उचलला, पडदा पकडला आणि हळूहळू, थांबत थांबत, पूर्ण ओढून घेतला.
उजवा हात होता.
डॉक्टरांना कळवायला हवं. खूपच सुधारणा आहे.