पोस्टाच्या बाईंचा कोट आणि सहाशे चौदा तपासण्या

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धीच वाकले, उरलेलं तू समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलाय की बंद केलाय, ते तुझ्या पत्रात शाई पसरल्यामुळे कळलं नाही. मी आपलं बंद केलाय असं धरून चालले आहे. आम्ही दोघं ठीक. ह्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं, पण छापखान्यात मुद्रितं तपासायची सवय जात नाही. औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरातही चुका काढत बसतात आणि औषध घ्यायचं राहून जातं.

पत्राला उशीर झाला, कारण गेले तीन आठवडे मी एक प्रोग्राम बांधत होते. हसू नकोस, सगळं सांगते.

आमच्याकडे टपाल घेऊन येणाऱ्या बाई आहेत. सत्तावीस वर्षं एकाच खांद्यावर थैली. त्या आता निवृत्त व्हायच्या होत्या आणि निरोपाच्या कार्यक्रमासाठी त्यांना कोट हवा होता, गणवेशाचा नसलेला, आयुष्यातला पहिला. मापं घेताना बघते तर उजवा खांदा डाव्यापेक्षा सव्वा इंच खाली. बाई हळूच म्हणाल्या, "लपवता येईल का?" मी म्हटलं, येईल. (माझ्या बाबतीत तोंड पुढे जातं आणि डोकं मागून येतं, हे तुला नवीन नाही.)

आता, हल्ली मी कपडे बेतायचे कागदी नमुने कॉम्प्युटरवर काढते. त्याचा प्रोग्राम फुकट मिळतो. ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून तो लिहितात. पण त्याच्या लेखी माणूस म्हणजे मधोमध घडी घातलेलं कापड: डावी बाजू काढली की तीच उलटून उजवी. मी हात टेकले होते. तेवढ्यात ह्यांनी प्रोग्रामच्या पानावर बारीक अक्षरांत वाचलं की दोन खांदे वेगळे घ्यायची सोय लिहून झाली आहे, मात्र ती तयार प्रोग्राममध्ये यायला सहा महिने लागतील. ज्याला घाई असेल त्याने मूळ लिखाण उतरवून घ्यावं आणि आपला प्रोग्राम आपण बांधावा. म्हणजे शिवलेला कपडा न देता कापड आणि बेत हातात द्यायचा, पुढचं तुमचं तुम्ही बघा. ते वाचूनच माझे हात शिवशिवायला लागले. खरं सांगू, कोट बाजूलाच राहिला. प्रोग्राम आतून कसा दिसतो ते मला बघायचं होतं.

सूचना सात ओळींच्या. पहिलीच ओळ दिली तर कॉम्प्युटर म्हणाला, कंपायलर नाही. (माणसाने लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा, तो कंपायलर.) तो आणला. मग म्हणाला, अमुक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या आयत्या तुकड्यांची पेटी, नाही. ती आणली तर तिला दुसरी हवी, दुसरीला तिसरी, आणि तिसरी आली तर ती फार जुनी आहे म्हणून नको. चार दिवस मी रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढत होते. सगळे जमले आणि गाडी तरीही अडली: म्हणे "नवीन" नावाचं काही सापडत नाही. मी सकाळभर शोधलं. हे माझ्यामागून चहा घेऊन जाताना थांबले आणि म्हणाले, "मधे जागा सोडली आहेस." मी फोल्डरला "नवीन शिवण काम" असं नाव दिलं होतं, आणि प्रोग्राम त्या तीन वेगळ्या गोष्टी समजत होता. मी जागा काढून शब्द जोडले आणि धडाधड ओळी धावायला लागल्या. चाळीस मिनिटं धावत होत्या. तेवढ्यात मी दोन स्कर्टांच्या दुमडी घातल्या, हे ओळींमधलं शुद्धलेखन बघत बसले. शेवटी खिडकी उघडली, अगदी पहिल्यासारखीच, फक्त खांद्यासाठी एकाऐवजी दोन चौकटी. मी लगेच त्यात ह्यांचे खांदे मोजून घातले. (डावा अर्धा इंच वर आहे. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मला आत्ता कळलं.)

सातवी ओळ होती: तपासण्या चालवा. ताई, हा प्रकार मला फार आवडला. प्रोग्राम लिहिणारे त्यातच छोट्या छोट्या परीक्षा लिहून ठेवतात, की अमुक मापं दिली तर अमुकच उत्तर आलं पाहिजे. अशा सहाशे चौदा. सहाशे तेरा हिरव्या झाल्या, एक लाल. हे म्हणाले, एवढ्या मजकुरात एक चूक म्हणजे बिनधास्त छापा. पण मला चैन पडेना. मी ती लाल तपासणी उघडली. भाषा यंत्राची, पण आकडे आपल्या धंद्याचे. बाही जिथे बसते त्या उजव्या मुंढ्याची गोलाई बाहीला पुरत नव्हती. आणि खाली लिहिणाऱ्याने टीप ठेवली होती: हे का जुळत नाही मला कळत नाही, कोणी शिंपी भेटला तर विचारावं.

मी ते तीनदा वाचलं. एक माणूस कुठेतरी माझी वाट बघत बसला होता आणि मी इकडे दुमडी घालत होते.

चूक साधी होती. त्याने खांदा खाली आणला होता आणि मुंढ्याचा तळ जागेवरच ठेवला होता. काखेत आवळणार नाही तर काय होणार. मी त्याला पत्र लिहिलं. ह्यांनी माझं इंग्रजी इतकं शुद्ध केलं की मला म्हणायचं होतं तेच उरलं नाही, म्हणून अशुद्धच पाठवलं. दुपारच्या चहापर्यंत उत्तर आलं. तो स्वतःला "उलटा टाका" म्हणवतो, पूल बांधतो, सुई कधी हातात धरलेली नाही. आईची पाठ वाकलेली, तिला कपडे नीट बसेनात, म्हणून हा उद्योग. त्याने विचारलं, मुंढा खाली घ्यायचा, पण किती? मी लिहिलं, खांदा जेवढा, तेवढाच. तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. त्याने दोन ओळी बदलल्या, मी पुन्हा सगळं बांधलं, पुन्हा तपासण्या लावल्या. सहाशे चौदाच्या सहाशे चौदा हिरव्या. हे उभे राहिले आणि चष्मा पुसायला लागले.

बावीस कागद छापून चिकटवले, मांजरपाटाचा कच्चा कोट बेतला. बाई तो घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सरळ आहे की." मी टाचण्यांच्या डबीत काहीतरी शोधायला लागले.

कोट वेळेवर झाला. कार्यक्रमात त्याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही, म्हणून बाई खूश आहेत. गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. कोट उभ्या माणसाला छान बसतो. हात पुढे केला की उजवीकडे पाठ ओढते. (वर मी "झाला" लिहिलंय, "जमला" लिहिलेलं नाही.) पुढे केलेल्या हातासाठी मी सहाशे पंधरावी तपासणी लिहायला घेतली, पण तपासणीत बरोबर उत्तर आधी लिहावं लागतं आणि ते मलाही येत नाही, पूलवाल्यालाही नाही. तुला येतं. पाठीचा कागद कापताना तू काहीतरी करायचीस आणि नेमकं तेव्हाच मला दोरा आणायला पाठवायचीस.

ता. क. २. सांगितलंस तर ते गुपित राहणार नाही, मूळ लिखाणात जाईल, कोणीही वाचेल. नाव तुझंच घालणार. यंत्राला अंग काय कळणार असं तू म्हणाली होतीस, ते मी उलट्या टाक्याला कळवलं. तो म्हणाला, बरोबर आहे त्यांचं, म्हणूनच विचारतोय.

ता. क. ३. हे पत्र मी पेटीत टाकलेलं नाही. बाई मुलीकडे तुझ्याच गावी निघाल्या होत्या, म्हणाल्या मीच हातात देते. तू दारातच वाचत असशील तर त्या अजून समोर असतील, कोट घालून. त्यांना आत घे, पाणी दे. मग हे पत्र त्यांना तुझ्या शेजारणीच्या हातात द्यायला सांग आणि तू मागे उभी राहून पाठ कुठे ओढते ते बघ. खुणेचा खडू त्यांच्या डाव्या खिशात ठेवलाय.