सील कोणी तोडलं

बाबा, तुमचा मिस्त्री मले कधीच आवडला नाई. माणसात काई खोट नव्हती त्याच्या. दिलदार होता, मोठ्यानं हसे, अन् आपली तारीफ आपणच करे. चांद्याच्या कोटाच्या दरवाज्यापाशी त्याचं दुकान, अन् संध्याकाळ झाली की तुम्ही तिथीच. घरी मायनं केलेला भात गार होऊन राह्यला, अन् तुम्ही जुन्या टायरावर बसून पोट धरून हसून राह्यले. मी बोलवायले आली की तुमचं हसणं थांबे. "चल, येतो," तुम्ही म्हणत. घरी तुम्ही तसे हसलेले मले आठवतच नाई.

त्या वर्षी तुम्ही नवी लॉरी घेतली. वैनगंगेपलीकडच्या जंगलातून सागवान भरायचं अन् चांद्याच्या डेपोत आणून टाकायचं. तवा आपलं राज्य नागपुरातून चाले, अन् माह्यं कॉलेजही नागपूरलेच ठरलं होतं. लॉरी चालली तर पोट्टी नागपूरले जाईन, असं तुम्ही सगळ्याईले सांगत फिरले. लॉरीसोबत कंपनीचा गॅरंटीचा कागद आला, इंग्रजीत. घरात इंग्रजी मलेच येत होती. तुम्ही शेजारच्याईले बोलावलं, मले मधात बसवलं अन् म्हटलं, "वाच." मी वाचून समजावलं की नवं इंजिन पहिले सावकाश चालवायचं असते, म्हणून कार्बोरेटरच्या खाली एक बारीक छेदाची चकती बसवली हाये, तिच्यावर तार अन् शिशाचं सील. कंपनीचा माणूस येऊन काढेपर्यंत सील शाबूत राह्यलं, तर इंजिनाची जबाबदारी कंपनीची. दुसऱ्या कोणी हात लावला की गॅरंटी खतम. "पाहा," तुम्ही म्हटलं, "कशी फडफड वाचते!" मले वाटलं, आता मिस्त्री मागं पडला.

मंग ती नदी. उन्हाळा लागून राह्यला हाये, पाणी एका काठाले सरकलं हाये, रेतीवर गाड्यांसाठी बांबूचे तट्टे टाकले हायेत. मावशीकडून परत येताना मी तुमच्या बाजूले बसली हाये. भरलेली लॉरी अर्ध्या रेतीत जाऊन रुतते. तुम्ही पाय दाबता, इंजिन नुसतं कण्हते. मागून दुसऱ्या ठेकेदाराची मिलिटरीतली जुनी लॉरी येते, धूर सोडत आपल्या बाजूनं निघून जाते, अन् तिचा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडते, "काऊन भाऊ, नवी नवरी हाये का? लाजून राह्यली!" तुमचं तोंड मी पाह्यलं. असं जळलेलं तोंड मी आरशात पाह्यलं होतं. हा रोग मी कोणापासून घेतला, ते मले त्या रेतीत कळलं.

तट्टे खाली सारून सारून लॉरी निघाली, अन् तुम्ही घरी न जाता सरळ मिस्त्रीच्या दुकानात. त्यानं बोनट उघडलं. "भाऊ, ताकद तर लय हाये इच्यात. कंपनीनं गळा दाबून ठेवला. काढून टाकू?"

मी म्हटलं, "चाचा, सील तोडलं तर गॅरंटी जाते. कागदात लिहिलं हाये."

"बेटी, लिहिणाऱ्यानं वैनगंगेची रेती पाह्यली का?"

"अन् तुम्ही कागद पाह्यला का?"

"अरे बाप! भाऊ, हे पोट्टी वकील होते!" तो हसला. तुम्हीही हसले. अन् माह्याकडे न पाहता म्हटलं, "काढ."

तार कट्‌कन तुटली. त्यानं चकती काढली, पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा छेदही मोठा केला. थोडे दिवस लॉरी अशी पळाली की ती मिलिटरीवाली धुळीत दिसेनाशी झाली, अन् ते तुम्ही टायरावर बसून सांगितलं, मिस्त्रीलेच. मंग एका दुपारी भरल्या लॉरीचं इंजिन खडखडलं अन् जाम झालं. बैलं लावून तिले चांद्यात, मिस्त्रीच्या दुकानापुढं आणलं. मी बरोबर होती बाबा. कोणी म्हटलं नाई.

कंपनीचा साहेब आला तो शुक्रवारी. मिस्त्री नमाजले गेला होता. साहेब दक्षिणेकडला, इंग्रजीच बोले. दुकान पाहून म्हणे, इथी आमच्या कंपनीचा बोर्ड लावायचा, आमच्या गाड्या इथीच दुरुस्तीले पाठवायचा विचार हाये. ते मी तुमाले सांगितलं. मंग त्यानं बोनट उघडलं अन् तुटकी तार बोटात धरली.

"काय म्हणते?" तुम्ही मले विचारलं.

"हे कोणी कापलं, म्हणते."

तुम्ही मशिदीच्या रस्त्याकडे पाह्यलं. नाव कोणाचंही घेतलं तरी गॅरंटी गेलीच होती. मिस्त्रीचं घेतलं तर बोर्डही जाईन.

"सांग त्याले, मी कापलं."

"बाबा, पण..."

"सांग म्हटलं नं."

मी सांगितलं. माह्या तोंडातून 'फादर' निघालं नाई, 'ओनर' निघालं. तुमाले फरक कळला नाई. तुम्ही मान हलवली. मिस्त्री परत आला तर तुम्ही त्याले म्हटलं, "सील धक्क्यानं तुटलं म्हटलं, तो काई मानत नाई. जाऊ दे." उरलेला सगळा उन्हाळा मिस्त्रीनं इंजिन उकलून ठेवलं. लॉरी चालू झाली तवा पावसानं जंगलाचे रस्ते बंद, अन् माह्यं नागपूर पुढच्या वर्षावर. मी मायसोबत धान निवडत बसली, अन् तिकडे त्याचा बोर्ड लागला.

तुम्ही जाऊन लय वर्षं झाले. मिस्त्री म्हातारा झाला, पण आवाज तोच. काल मले रस्त्यात थांबवलं अन् दुकानातल्या गिऱ्हाईकाईले म्हणे, "भाऊची पोट्टी हाये हे. इले विचारा. साहेबानं आपला हात पाह्यला अन् बोर्ड दिला! काऊन बेटी?"

मी म्हटलं, "हो चाचा."

चांगुलपणा नाई तो. सांगितलं असतं तर तो तिथीच रडला असता, अन् 'भाऊनं माह्यासाठी काय केलं', हे मरेपर्यंत साऱ्या चांद्याले सांगत फिरला असता. म्हणून हे पत्रही ठेवत नाई, सकाळी चुलीत घालीन. तुमचं सारं हसणं त्याच्यापाशी हाये बाबा. हे एक मी त्याले देत नाई.